पेजेबरोबरची फोड

दमयंती भुवडचा अर्ज चौथ्या दिवशी परत आला. धर्मादाय रुग्णालयाच्या कारकुनाने वर लाल शाईत लिहिलं होतं, 'मेडिसिनच्या जागेसाठी एम.बी.बी.एस. उमेदवारास प्राधान्य.' अक्षर मोठं वळणदार होतं. नकार द्यायचा तर निदान सुबक अक्षरात द्यावा, एवढं सौजन्य रत्नागिरीच्या कारकुनांत सन पंच्याऐंशीतही शिल्लक होतं.

दमयंती होती बी.ए.एम.एस., म्हणजे आयुर्वेदाची पदवीधर. बारावीला चार मार्क कमी पडले आणि गाडी या रुळावर आली. लांज्याजवळच्या वाडीतले तिचे वडील, दत्ताराम मास्तर, तेव्हा म्हणाले होते, पदरी पडलं पवित्र झालं. मास्तरांना म्हणायला काय जातं? साडेपाच वर्षं तिने चरकाबरोबर इंग्रजी औषधंही घोकली, आणि शेवटी दोन्हीकडचे लोक तिला पलीकडची समजू लागले.

तिच्या बरोबरीच्या मुलांनी एव्हाना दवाखाने थाटले होते. एक बाकडं, एक पडदा, सुई उकळायला स्टोव्ह. कोणी खेडला बसला, कोणी देवरुखला, आणि सगळ्यांचं बरं चाललं होतं. दमयंतीला ते जमेना. इंटर्नशिपमध्ये सरकारी दवाखान्यात असताना छातीवर हात धरून एक माणूस आला होता. तिने त्याला गॅसचं औषध दिलं. तो 'बरं वाटलं' म्हणून निघाला आणि एस.टी.च्या थांब्यापर्यंतच पोचला. आपल्याला काय येत नाही ते तिला त्या दिवशी कळलं. ते आल्याशिवाय खुर्ची टाकून बसायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं. त्यासाठी तिला मेडिसिनची हाउसपोस्ट हवी होती: सहा महिने वॉर्डात राहायचं, आणि तेही डॉक्टर सरदेशपांड्यांच्या हाताखाली.

आता सरदेशपांड्यांविषयी सांगायला हवं. मूळ गाव सोलापूर. बावीस वर्षांपूर्वी वर्षभरासाठी म्हणून आले ते इथेच मुरले. निदानाला त्यांचा हात धरणारा माणूस जिल्ह्यात नव्हता. त्यांच्या सहीचं सर्टिफिकेट मुंबईच्या मोठ्या इस्पितळातही मान देऊन वाचलं जाई. त्यामुळे एम.बी.बी.एस. मुलंसुद्धा त्यांच्याकडच्या जागेवर टपून असत. स्वभावाने कडक, जेवायला शाकाहारी, आणि घरी आजवर ज्वारीची भाकरी. बावीस वर्षांत रत्नागिरीने त्यांना हापूस खायला शिकवलं, बाकी काही नाही.

परत आलेला अर्ज घेऊन दमयंती सरळ त्यांच्या खोलीत गेली. त्यांनी लाल ओळ वाचली.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "प्राधान्य आहेच."

"प्राधान्य आहे, सर. मनाई नाही ना?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग कागद उलटा करून ठेवला. "जागा एक आहे. फेब्रुवारीत भरायची. कोल्हापूरचा एक शिंत्रे म्हणून मुलगा आहे, एम.बी.बी.एस., चांगल्या मार्कांचा. तो आत्तापासून कामाला येतोय. तुम्हीही या. पगार नाही. रोज एक रुग्ण तपासून लिहून आणायचा. मी कुठलाही प्रश्न विचारीन आणि उत्तर आलं नाही तर सगळ्यांसमोर बोलेन. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी एक नाव ट्रस्टकडे देईन. ते नाव ते बदलत नाहीत."

दमयंती दुसऱ्या दिवसापासून हजर झाली. गावातच तिची आत्या विमला राहायची. तिच्याकडे एका पेटीनिशी आणि आईने दिलेल्या एका बरणीनिशी ती उतरली.

पहिला महिना वाईट गेला. तिला प्रश्न आला की शब्द सुचायचा तो पोथीतला, आणि शिंत्रे खिडकीबाहेर बघत हसू दाबायचा. तसा पोरगा वाईट नव्हता. तिला 'वैद्यीणबाई' म्हणायचा, पण ईसीजीची पट्टी कशी वाचायची ते त्यानेच कॅन्टीनमध्ये चहाच्या बशीशेजारी पट्टी पसरून शिकवलं. दुसऱ्या महिन्यात तिची उत्तरं यायला लागली. तिसऱ्यात तर कधी कधी त्याच्या आधी यायला लागली. मग नर्सेस म्हणायला लागल्या की कानामागून आली नि तिखट झाली. शिंत्रेही हसायचा थांबला.

एक गोष्ट मात्र तिला पहिल्यापासून त्याच्याहून बरी जमायची. ती खाटेवर बसून बोलायची. संगमेश्वराकडची म्हातारी असो की लांज्याचा काजू फोडणारा, तिला पाहिलं की त्यांची जीभ सैल व्हायची. ही आपल्यातली, हे त्यांना सांगावं लागत नसे.

जानेवारीत सोनूबाई आली. साठीच्या पुढची, संगमेश्वराच्या आतल्या गावची, मुलगा मुंबईला. हृदय थकलेलं, पायांवर सूज, बोट दाबलं की खळगा पडायचा. सरदेशपांड्यांनी लघवी होण्याची इंजेक्शनं लिहिली आणि हातात छापील चिठ्ठी दिली: मीठ, लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. चिठ्ठी तिच्या सुनेला, चंपाला, वाचून दाखवली. रुग्ण झाला शिंत्रेचा, कारण त्या दिवशी पाळी त्याची होती.

तीन दिवसांत सूज उतरली, पण म्हातारी जेवेना. रुग्णालयाची अळणी भाजी ती तोंडाशी नेऊन खाली ठेवायची. चंपा पेज करून आणायची, तीही तशीच राहायची.

"बाय माझे, तोंडाला चवच नाय गो," सोनूबाई दमयंतीला म्हणाली. "नुस्ती पेज उतरत नाय गळ्याखाली."

हे दमयंतीला कळलं. नुसती पेज कोणाच्या गळ्याखाली उतरते? तिच्या घरी तापाच्या माणसाला पेज द्यायची तर बरोबर खारातल्या आंब्याची फोड असायचीच. मे महिन्यात कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालून बरणी भरायची आणि वर्षभर पुरवायची. त्यात मसाला नाही, तेल नाही, मिरची नाही. आजाऱ्याला चालतं ते एवढंच. आईने दिलेली बरणी त्याचीच होती. दुसऱ्या दिवशी दमयंतीने डब्यातून एक फोड आणली आणि पेजेच्या वाडग्याच्या काठाला ठेवली. म्हातारीने वाडगा पुसून खाल्ला.

पुढे रोजचंच झालं. राउंडच्या वेळी सरदेशपांड्यांनी विचारलं, "हिला जेवायला कोणी लावलं?"

"मी, सर," दमयंती म्हणाली.

"चांगलं केलंत." त्यांच्या तोंडून हा शब्द वर्षातून दोनदा यायचा. दमयंतीला दिवसभर जमिनीवर पाय असल्याचं भान नव्हतं, आणि संध्याकाळी आत्याला तिने ते वाक्य तीनदा सांगितलं.

मात्र जेवायला लागल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून सोनूबाईचं वजन पुन्हा चढायला लागलं. शिंत्रेने इंजेक्शन वाढवलं, वजन खाली येईना. "मीठ खाता का?" त्याने विचारलं. "मिठाला हात नाय लावला हो, देवाशपथ," म्हातारी म्हणाली. चंपानेही मान हलवली. शिंत्रेने कागदावर लिहिलं, 'मीठ नाही'. आठव्या दिवशी सकाळी म्हातारीला श्वास पुरेना. ओठ काळेनिळे झाले. ऑक्सिजन, शिरेतून औषधं, सगळी धावपळ. दोन तासांनी ती उशीला टेकून डोळे मिटून पडली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

सरदेशपांड्यांनी कागद मागवले. मंगळवारच्या दुपारच्या इंजेक्शनपुढे सही नव्हती.

"दिलं होतं का?" त्यांनी शिंत्रेला विचारलं.

"दिलं होतं, सर. सही राहिली."

"सही नाही म्हणजे दिलं नाही. असाच एखादा डोस चुकतो आणि माणूस बुडतो." ते आवाज चढवत नसत, त्यामुळे वॉर्डाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "शनिवारी मला नाव द्यायचं आहे. ते आता अवघड राहिलेलं नाही."

शिंत्रेचे कान लाल झाले. नर्सेसनी दमयंतीकडे पाहिलं ते डॉक्टरकडे पाहतात तसं. तिला शिंत्रेचं वाईट वाटलं. खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला. माणूस आहे, व्हायचाच.

तो गुरुवार. दुपारी ती जेवायला आत्याकडे आली. विमलाआत्याने भातावर आमटी वाढली. आंबटसर, छान झाली होती.

"मीठ बघ गो पुरलंय काय," आत्या म्हणाली. "तुझ्या बरणीतल्या दोन फोडी घातल्यात. मग वेगळं मीठ नाय घातलं मी."

दमयंतीचा हात ताटात थांबला.

"आख्ख्या आमटीला?"

"मग? दोन फोडी म्हणजे मूठभर मीठच की गो. खारातला हाय."

एवढी साधी गोष्ट तिला ठाऊक नव्हती असं नाही. लहानपणापासून आईला हेच करताना तिने पाहिलं होतं. पण आमटीतलं मीठ म्हणजे स्वयंपाकघरातलं, आणि पेजेबरोबरची फोड म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. या दोन गोष्टी तिच्या डोक्यात वेगवेगळ्या फडताळांत होत्या. साडेपाच वर्षं शिकून, तीन महिने वॉर्डात घासून, हृदयाच्या रुग्णाला रोज आपल्या हाताने तिने मीठ भरवलं होतं, आणि वर शाबासकीही घेतली होती.

जेवण तसंच राहिलं. ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. फोड आणणं आजपासून बंद केलं की म्हातारी सुधारेल. कोणाला काही कळणार नाही. सही शिंत्रेचीच राहिली होती, ती काही दमयंतीने पुसली नव्हती. त्याला कोल्हापुरात, मिरजेत, कुठेही जागा मिळेल, तो एम.बी.बी.एस. आहे. तिला या एका दाराशिवाय दुसरं दार नव्हतं. आणि सांगितलं तर लोक काय म्हणणार ते तिला आत्ताच ऐकू येत होतं: आयुर्वेदवाल्यांना वॉर्डात घेतलं की असं होतं. तिच्या मागून येणाऱ्या पोरींचीही वाट बंद.

हे सगळे मुद्दे बिनतोड होते. ती तासभर ते पुन्हा पुन्हा मांडत बसली, आणि दर वेळी शेवटी सोनूबाईचे काळेनिळे ओठ आठवत. ती खूप रडली. मग तोंड धुतलं आणि निघाली.

सरदेशपांडे खोलीत एकटे होते. तिने उभ्यानेच सांगितलं, काहीही न वगळता. फोड कसली, किती दिवस, कोणाच्या बरणीतली. "शिंत्र्यांची चूक नाही, सर. इंजेक्शन कितीही वाढवलं असतं तरी वजन चढलंच असतं. माझ्यामुळे."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"खारातला आंबा म्हणजे लोणचं ना? चिठ्ठीत लोणचं आहे."

"नाही, सर. आमच्याकडे त्याला कोणी लोणचं म्हणत नाही. ते आजाऱ्यालाच देतात, पेजेबरोबर."

"सगळे देतात?"

स्वतःच्या चुकीपलीकडे तिने पाहिलंच नव्हतं. "बहुतेक घरी, सर," ती म्हणाली.

ते उठले. "चला," म्हणाले. "शिंत्र्यांनाही बोलवा."

वॉर्डात त्या वेळी सुजेचे सात रुग्ण होते. सरदेशपांडे पहिल्या खाटेपाशी थांबले. तिथे गंगाराम नावाचा म्हातारा होता, महिनाभर पडून असलेला. "विचारा," ते दमयंतीला म्हणाले.

ती खाटेवर टेकली. "आजोबा, पेज घेता ना? पेजेबरोबर काय घेता?"

"काय घेणार गो पोरी," गंगाराम म्हणाला, "डॉक्टरांनी सगळा बंद केलानी. नुस्ती आंब्याची फोड घेतो." आणि त्याने उशीखालच्या पिशवीतून फडक्यात बांधलेली छोटी बाटली काढली. काही चोरून ठेवल्याचा भाव त्याच्या तोंडावर नव्हता. औषधाची बाटली दाखवावी तशी त्याने ती दाखवली. "घेतासा? घरची हाय."

सरदेशपांड्यांनी बाटली हातात घेतली. एक फोड काढून तोंडात टाकली. त्यांचा चेहरा आक्रसला, पण त्यांनी ती थुंकली नाही, चावून गिळली. मग पाणी मागितलं.

दुसऱ्या खाटेवर बाटली निघाली. तिसऱ्यावर नाही, चौथ्यावर निघाली. एकीने केळीच्या पानात गुंडाळलेल्या दोन फोडी दाखवल्या. सोनूबाईने दमयंतीकडे बोट केलं, "मना ही बाय आणून देते. देव तिचं भलं करो." सातांत पाच जण फोड खाणारे निघाले. शिंत्रे प्रत्येक खाटेच्या कागदावर वाकून पाहत होता. सगळीकडे एकच लिहिलेलं होतं, 'मीठ नाही', काही त्याच्या अक्षरात, काही त्याच्या आधीच्यांच्या.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर शिंत्रे दमयंतीला हळूच म्हणाला, "मी असतो तुमच्या जागी तर नसतं सांगितलं." मग थोड्या वेळाने, "कदाचित सांगितलं असतं. माहीत नाही." तिला तो त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून आवडला.

शुक्रवार तसाच गेला. दमयंतीने पेटी भरून ठेवली. उशाच्या बाटल्या घरी परत गेल्या, आणि गंगाराम दिवसभर कुरकुरत राहिला. सोनूबाईचं वजन मात्र अर्ध्या किलोने उतरलं, ते दमयंतीने स्वतः काट्यावर पाहिलं. तिला तेवढं पुरे होतं. खरं म्हणजे पुरे नव्हतं, पण पुरे मानायचं तिने ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी सरदेशपांड्यांनी दोघांना बोलावलं. टेबलावर ट्रस्टच्या नावाचा लिफाफा होता, बंद केलेला.

"शिंत्रे, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोललो. आज राउंडला सगळ्यांसमोर परत घेईन. मिरजेला माझे मित्र आहेत, त्यांना तुमच्यासाठी पत्र लिहिलंय. तिथे तुम्ही इथल्यापेक्षा जास्त शिकाल." त्यांनी पत्र पुढे केलं. शिंत्रेने ते घेतलं, लिफाफ्याकडे एकदा पाहिलं, आणि नमस्कार करून तो बाहेर गेला.

दमयंतीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती म्हणाली, "सर, चूक माझी होती."

"होती. तुमच्या कागदात ती मी लिहिली आहे. ट्रस्टला विचारायचं तर विचारू दे."

"मग मला का?"

सरदेशपांडे खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांना वळायचं नव्हतं हे तिला दिसत होतं.

"मी इथे आलो त्याच्या तिसऱ्या वर्षी काशीराम म्हणून एक शेतकरी होता. पस्तिशीचा. सूज उतरायची आणि पुन्हा चढायची. मी विचारायचो, मीठ खातोस का? तो म्हणायचा, नाही. बायकोची शपथ घ्यायचा, मुलांची घ्यायचा. एक दिवस मी भर वॉर्डात त्याला खोटारडा म्हटलं. म्हटलं, तुला मरायचंच असेल तर घरी जाऊन मर. तो गेला नाही. इथेच दोन आठवड्यांनी गेला. शेवटपर्यंत सांगत होता, डॉक्टर, मी मीठ नाही खाल्लं." त्यांनी खिडकीच्या गजाला हात टेकला. "ते सांगताना त्याच्या उशाला बाटली होती, भुवड. मी पाहिली होती. मला वाटलं, गावचं काही औषध असेल."

त्या क्षणी दमयंतीला जागा मिळाल्याचा आनंद आठवलासुद्धा नाही.

"तो खोटं बोलत नव्हता," ते म्हणाले. "हे मला एकोणीस वर्षांनी तुमच्याकडून कळलं, आणि तेही तुम्ही गप्प बसला नाहीत म्हणून."

मग त्यांनी चष्मा पुसला आणि राउंडची वेळ झाली होती म्हणून दोघं वॉर्डाकडे निघाले. आदल्या संध्याकाळी एक नवा रुग्ण दाखल झाला होता, पाय सुजलेला. सरदेशपांडे त्याच्या खाटेपाशी थांबले आणि बाजूला सरकून त्यांनी दमयंतीला पुढे जागा करून दिली.